पूर आणि तहान: एकाच धोरणाची दोन फळे

चेन्नई शहरावर चार वर्षांच्या आत दोन संकटे कोसळली. डिसेंबर २०१५ मध्ये शहर बुडाले. जून २०१९ मध्ये तेच शहर पाण्याच्या थेंबासाठी वणवण फिरले. दोन्ही वेळा राज्यकर्त्यांचे उत्तर एकच होते: निसर्गाचा कोप! हे उत्तर मोठे सोयीचे आहे, कारण निसर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. वस्तुस्थितीची साक्ष मात्र निराळी आहे.

१ डिसेंबर २०१५ रोजी अतिवृष्टी झाली हे खरेच. तांबरम येथे चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस पडला. परंतु मुसळधार पावसाचे इशारे आधीच मिळाले असताना चेंबरंबाक्कम जलाशयातील साठा वेळीच, टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला नाही. मग एकाएकी सेकंदाला २९,००० घनफूट पाणी अड्यार नदीत सोडण्यात आले. काठावरच्या वस्त्यांत ते रात्री शिरले. शेकडो माणसे प्राणास मुकली. २०१८ साली विधानसभेत मांडलेल्या अहवालात महालेखापालांनी या पुराला ‘मानवनिर्मित आपत्ती’ म्हटले. हा शब्द कोणा विरोधी पक्षाचा नव्हे, सरकारच्याच हिशेबतपासनीसाचा आहे.

तथापि सारा दोष दरवाजे उघडणाऱ्या अभियंत्याच्या माथी मारणे ही पुन्हा पळवाटच ठरेल. त्याच्यासमोरचा पेच खरा होता. पुराचा धोका टाळायचा तर जलाशय रिकामा हवा; उन्हाळ्याची तहान भागवायची तर तोच जलाशय काठोकाठ भरलेला हवा. एका जलाशयावर हा दुहेरी भार कोणी टाकला? पावसाचे पाणी धरून ठेवणारी शेकडो तळी आणि पाणथळ जमिनी ज्यांनी भूखंड म्हणून विकल्या, त्यांनी! पळ्ळिकरणै येथील विस्तीर्ण दलदल भराव, कचराभूमी आणि संगणक कंपन्यांच्या इमारतींनी गिळली. विमानतळाची दुसरी धावपट्टी थेट अड्यार नदीवर बांधण्यात आली. पुरात तीच धावपट्टी पाण्याखाली गेली.

साधे गणित मांडून पाहावे. सेकंदाला २९,००० घनफूट म्हणजे तासाला सुमारे २९६ कोटी लिटर. २०१९ च्या टंचाईपूर्वी शहराचा रोजचा पुरवठा सुमारे ८३ कोटी लिटर होता. म्हणजे तासाभरात साडेतीन दिवसांचे पाणी घरेदारे उद्ध्वस्त करीत समुद्राकडे गेले! आणि चारच वर्षांत पूंडी, चोळवरम, पुळल व चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय कोरडे पडले. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेटहून पाण्याची पहिली आगगाडी आली. तिच्या एका फेरीत २५ लाख लिटर पाणी येई, म्हणजे रोजच्या गरजेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. उरलेली तहान टँकरवाल्यांच्या नफ्यासाठी मोकळी सोडण्यात आली. ज्या शहरात पुण्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो, त्या शहराची ही कथा आहे.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी धावली होती. चेन्नईची गाडी सुटण्यापूर्वी दहाच दिवस, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वस्ती वाहून गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. जलसंधारण मंत्र्यांनी मात्र खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे सांगितले! तिकडे गुन्हेगार पाऊस, इकडे खेकडे. सत्ताधारी तेवढे सर्वत्र निर्दोष.

आता समुद्राचे पाणी गोडे करणे हाच उपाय असे सांगितले जाते. मिंजूरचा प्रकल्प २०१० साली आणि नेम्मेलीचा २०१३ साली सुरू झाला. तरीही २०१९ टळले नाही. मुबलक पडणारे पाणी वाया घालवायचे आणि मग खर्चिक यंत्रांनी समुद्राचे पाणी गाळून जनतेला पाजायचे, हा कंत्राटदारांच्या हिताचा व्यवहार आहे.

पुराचे प्रायश्चित्त कोणी घेतले? नदीकाठच्या झोपडीवासीयांनी. अतिक्रमणाचा शिक्का मारून त्यांना कामधंद्यापासून दूर, दक्षिणेकडील पेरुंबाक्कमच्या सखल भागातील इमारतींत धाडण्यात आले. तेथेही पावसाळ्यात पाणी साचते. दलदलीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती मात्र जागच्या जागी आहेत. डिसेंबर २०२३ च्या मिचौंग चक्रीवादळात शहर पुन्हा पाण्याखाली गेले, यात नवल ते काय?

२०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. त्याने अधिकारी व तज्ज्ञांच्या समित्या उभ्या केल्या. धरणाखाली राहणाऱ्यांना त्यांत स्थान नाही. म्हणूनच मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक जलाशयाची पातळी, येणारे पाणी आणि विसर्गाचे नियम जनतेच्या भाषेत आगाऊ जाहीर व्हावेत. विसर्गाचा इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी नावानिशी ठरावी. तळी व पाणथळ जमिनी मोकळ्या करताना प्रथम बड्या बांधकामांना हात घालावा. विस्थापित श्रमिकांना कामाच्या जवळ घरे मिळावीत. पाणीपुरवठा टँकरवाल्यांच्या हातून काढून सार्वजनिक मंडळानेच समान वाटपाने करावा.

या मागण्यांसाठी नवे विज्ञान लागत नाही. भूखंडांच्या व्यापाऱ्यांना दुखविण्याची तयारी लागते. आणि ती राज्यकर्त्यांच्या ठायी आपोआप उपजत नाही, संघटित जनतेच्या रेट्यानेच ती निर्माण करावी लागते.