चर्चने घरे उभी केली, वक्फची जमीन कशाची वाट पाहते?

अमरावतीत वलगाव रोडच्या आसपास किंवा अकोल्यात अकोट फाईलच्या पुढे गेलात, की एकच चित्र दिसते. शेतात पाडलेले प्लॉट, मुरूम टाकलेला कच्चा रस्ता आणि ऐपतीप्रमाणे एकेक खोली वाढत गेलेली घरे. ऑटोचालक, वेल्डर, हमाल आपली आयुष्यभराची कमाई अशा प्लॉटमध्ये घालतो. सातबारावर नाव मूळ शेतकऱ्याचेच राहते, हातात असतो फक्त स्टॅम्प पेपरवरचा करारनामा. असा कागद बँक तारण म्हणून घेत नाही. म्हणून उरलेले पैसे नातेवाइकांकडून नाहीतर सावकाराकडून येतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मर्यादा २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना नियमित होण्याची संधी दिली गेली. पण त्याचे शुल्क आणि विकास आकार पुन्हा त्याच कुटुंबाने भरायचा.

आपण घराला प्रत्येकाची खासगी अडचण मानतो. जकात, सदका, मदरसा, दवाखाना यांचा विचार समाज म्हणून होतो, घराचा होत नाही. इतरांनी तो केला आहे.

मुंबईत वांद्र्याला १९१८ मध्ये सालसेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. प्लेगनंतरच्या गर्दीच्या मुंबईत मध्यमवर्गीय कॅथलिक कुटुंबांनी सहकार कायद्याचा आधार घेतला आणि चर्च, शाळा व रेल्वे स्टेशन जवळ असलेली वस्ती आखली. त्याच वर्षी वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी पतसंस्था सुरू केली. आजची बॅसिन कॅथलिक बँक ती हीच.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. १९८० च्या दशकात पूर्व ब्रुकलिनमध्ये इमारती जळून, ओस पडून मोकळ्या झालेल्या जमिनी होत्या. तिथल्या चर्चांनी एकत्र येऊन ‘नेहेमिया’ नावाची घरबांधणी योजना आखली. कॅथलिक, एपिस्कोपल आणि लुथरन चर्चांनी बिनव्याजी पैसा दिला. घर विकले की तो परत येई आणि पुढच्या घराला लागे. महापालिकेने जमीन नाममात्र किमतीत दिली, शिवाय प्रत्येक घरामागे १० हजार डॉलरचे बिनव्याजी कर्ज. ते घर पुन्हा विकतानाच फेडायचे. एकसारखी, चिकटून बांधलेली घरे असल्याने खर्च कमी राहिला. आतापर्यंत तीन हजारांहून अधिक घरे झाली. हा फिरता निधी म्हणजे आपल्या भाषेत कर्जे-हसना. तत्त्व आपल्याला पाठ आहे, पण वापर त्यांनी केला.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले, की देशात ४.९ लाख वक्फ मालमत्ता आणि सुमारे ६ लाख एकर जमीन आहे. बाजारमूल्य १.२ लाख कोटी, वार्षिक उत्पन्न १६३ कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या जमिनीवर वर्षाला चौदा पैसेसुद्धा नाहीत. ‘वक्फला पैसा नाही’ असे म्हणताना हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

कायदाही घरांच्या आड येत नाही. १९९५ च्या वक्फ कायद्याच्या कलम ३२ मध्ये शाळा, बाजार यांच्याबरोबर निवासी घरांसाठी जमीन विकसित करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मुतवल्ली तयार नसेल तर बोर्ड स्वतः काम हाती घेऊ शकते. मात्र वक्फची जमीन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि ३० वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने देता येत नाही.

अनेकांना ही अडचण वाटते, मला हीच ताकद वाटते. वांद्र्याच्या त्या वस्तीतले बंगले एकेक करून टॉवर झाले आणि तिथले घर आज सामान्य कॅथलिक कुटुंबाच्याही आवाक्यात नाही. घर पुन्हा कितीला विकायचे यावर बंधन नसेल, तर स्वस्त घर पहिल्या पिढीपुरतेच स्वस्त राहते. वक्फची जमीन विकताच येत नसेल तर तिथे फ्लॅटचा धंदा होणार नाही, परवडणाऱ्या भाड्याची घरे होतील. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहेच.

काहीजण म्हणतील, २०२५ च्या दुरुस्तीनंतर जमिनी वाचवायच्या की बांधकामे काढायची? माझ्या मते ही दोन कामे वेगळी नाहीत. ओसाड जमिनीवर अतिक्रमण सोपे असते. शंभर कुटुंबे राहत असलेल्या, नोंदी चोख असलेल्या जमिनीला शंभर राखणदार मिळतात. कब्रस्तान, मशीद, ईदगाह यांना अर्थातच हात लावायचा नाही, आणि वाकिफने घातलेली अट मोडायची नाही.

दुसरी शंका बिल्डर आणि मुतवल्ली यांच्या संगनमताची आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून सुरुवात विटेपासून नको, कागदापासून हवी. आधी मोजणी, सातबारा किंवा पीआर कार्डावरची नोंद आणि वाद असल्यास त्याचा निकाल. मग मशीद कमिटीपासून वेगळी संस्था, तिच्यात अभियंता, वकील, लेखापाल आणि महिला. त्यानंतर घरवाटपाची गुणपद्धत: उत्पन्न, सध्याची जागा, विधवा, अपंगत्व. प्रतीक्षायादी आणि हिशेब सर्वांना मोबाइलवर दिसले पाहिजेत. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: असे पोर्टल करणे या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. यादीत मधेच नाव घुसवणाऱ्याला ‘नाही’ म्हणणारी कमिटी मिळणे कठीण आहे.

एकत्र बांधण्याचा तांत्रिक फायदाही वऱ्हाडात मोठा आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाची भिंत तडकते. एकटा माणूस मातीची चाचणी करत नाही. शंभर घरांची एकदाच चाचणी केली आणि तळाशी फुगीर, खोल खांबांचा पाया घातला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च थोडा आणि घर पिढीभर टिकणारे. नाली, पाण्याची टाकी, झाडे आणि देखभाल निधीही आराखड्यातच बसवता येतो.

शेवटचा मुद्दा कदाचित काहींना रुचणार नाही. ही घरे फक्त मुसलमानांसाठी असावीत का? अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्यास मान्यता दिली. कायद्याने चालते, पण आपण ते करू नये. पुण्या-मुंबईत नाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. तीच पाटी आपण आपल्या दारावर लावायची का? वाकिफच्या अटीत बसत असेल तिथे गरज हाच निकष ठेवावा. गरिबी मोहल्ल्यात जास्त आहे, तेव्हा यादीत आपली नावे जास्त येतीलच. पण शेजारी एखादे दलित, एखादे ख्रिस्ती कुटुंब राहिले, तर वस्तीही मोकळी राहील आणि वक्फवरचा संशयही कमी होईल.

अमरावती आणि अकोला, दोन शहरांत एकेक वादमुक्त जमीन, प्रत्येकी पन्नास घरे. एवढ्याने सुरुवात करता येईल. या शुक्रवारी नमाजनंतर आपल्या मशीद कमिटीला एकच प्रश्न विचारा: आपल्या वक्फची जमीन किती, आणि तिचा कागद कुठे आहे?