‘बघा, कसं जपलंय त्यांनी!’

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. आज ज्या वाक्याशी भांडायचंय, ते मी स्वतःच लिहिलेलं आहे.

२०२४ चा जून. कामासाठी काही महिने लीड्सला होतो. साठवलेल्या सुट्ट्या एकदम काढल्या आणि ऑफिसातल्या एका मित्राबरोबर हेड्रियनची भिंत चालायला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इ. स. १२२ मध्ये रोमन सम्राट हेड्रियननं ब्रिटनमधल्या आपल्या हद्दीवर ही भिंत बांधायला घेतली. पूर्वेला न्यूकॅसलजवळचं वॉलसेंड (नावातच भिंतीचं टोक आलं), पश्चिमेला सॉल्वे खाडीवरचं बोनेस. लांबी ८० रोमन मैल, म्हणजे साधारण ११७ किलोमीटर. दर रोमन मैलाला एक छोटी गढी, दोन गढ्यांच्या मध्ये दोन टेहळणी बुरूज, शिवाय जागोजागी मोठे लष्करी किल्ले. तिच्या सोबतीनं जाणारी पायवाट ८४ मैलांची, म्हणजे १३५ किलोमीटर. आम्हाला सात दिवस लागले. (ही इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा आहे असं अनेकांना वाटतं. मलाही वाटायचं. पण अख्खी भिंत आजच्या इंग्लंडमध्येच आहे.)

पहिल्या दीड दिवसात भिंत फारशी दिसतच नाही. तिसऱ्या दिवशी मात्र डोळ्यांचं पारणं फिटतं. काळ्या दगडाचे सरळसोट कडे, आपल्या सह्याद्रीतल्या फत्तराचे भाऊबंदच. त्या कड्यांच्या धारेवरून भिंत वरखाली होत क्षितिजापर्यंत गेलेली. खाली तळं, वर वारा, आजूबाजूला मेंढ्या. हाउसस्टेड्सचा किल्ला मागे टाकून आम्ही स्टील रिगकडे निघालो होतो. मी भिंतीवर चढलो, हात पसरले, मित्रानं फोटो काढला. तो लगेच आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘१९०० वर्षांची भिंत. बघा, कसं जपलंय त्यांनी! नाहीतर आपण...’

पुढचं वाक्य ग्रुपनं पूर्ण केलं. पाच मिनिटांत तीन उत्तरं.

एक: ‘आपल्याकडे असती तर लोकांनी दगड उचलून घरं बांधली असती.’
दोन: ‘पीडब्ल्यूडीनं भिंतीवरूनच रस्ता नेला असता.’
तीन: ‘खडीवाल्यांनी सुरुंग लावून क्रशरला घातली असती.’

खूप हसलो. मग उरलेले चार दिवस चालताना वाटेवरचे फलक वाचले, संध्याकाळी मुक्कामावर थोडंफार वाचलं, आणि हसू हळूहळू जिरत गेलं. कारण या तिन्ही गोष्टी त्या भिंतीच्या बाबतीत झालेल्या आहेत. तिकडेच. ‘त्यांनीच’ केलेल्या.

घरांपासून सुरुवात करू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली आणि मागे उरली घडीव दगडांची शेकडो वर्षं पुरेल एवढी फुकट वखार. एका माणसाला उचलता येईल असा, नीट तासलेला दगड. कोण सोडेल? बाराव्या शतकात लॅनरकॉस्टचा मठ बांधला, त्यात भिंतीचे दगड. पायवाटेवरच थर्लवॉल नावाच्या गढीचे अवशेष लागतात, तिथेही तेच दगड. शेतघरं, गोठे, मेंढ्यांची कुंपणं... कुठे म्हणून नाही ते विचारा. १८०१ साली विल्यम हटन नावाचे गृहस्थ वयाच्या ७८व्या वर्षी बर्मिंगहॅमहून पायी निघाले आणि ही भिंत टोकापासून टोकापर्यंत चालून पायीच घरी परतले. एकूण सहाशे मैल, पस्तीस दिवस. (माझे सात दिवस इथेच संपले.) प्लेनट्रीज या ठिकाणी त्यांना दिसलं, की एक शेतकरी नवं घर बांधायला भिंत उतरवून नेतोय. म्हाताऱ्यानं गयावया केली, निरोप धाडले. आज तिथे एक लहानसा तुकडा उभा आहे. आदल्या दिवशी मी त्याच तुकड्याशेजारी बसून सँडविच खाल्लं होतं आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आता रस्ता. १७४५ मध्ये स्कॉटलंडमधून बंड उठलं. सरकारी फौज न्यूकॅसलला, बंडखोर पश्चिमेला कार्लाइलला, आणि मधे तोफा नेता येतील असा धड रस्ता नाही. त्यावरचा उपाय म्हणून १७५० च्या दशकात लष्करी रस्ता झाला. पाया तयार हवा म्हणून जवळपास ३० मैल तो थेट भिंतीवरून नेला. भिंत पाडली, दगड फोडले, अंथरले. लोक याला जनरल वेडचा रस्ता म्हणतात आणि सगळं खापर त्याच्यावर फोडतात, पण बिचारा वेड १७४८ सालीच वारला होता. रस्ता केला सरकारनं, कायदा करून. आज त्याचं नाव बी ६३१८. दुसऱ्या दिवशी तुम्ही बराच वेळ त्याच्या कडेनं शेतातून चालता आणि ‘भिंत कुठाय, भिंत कुठाय’ म्हणून शोधत राहता. ती शेजारून पळणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली असते.

आणि खडी. ही तर अगदी अलीकडची गोष्ट. भिंत ज्या कड्यांवर आहे तो दगड रस्त्यांसाठी उत्तम. कॉफील्ड्सला गेलात तर शांत निळं तळं दिसेल, बाकडी, पार्किंग, बदकं. छान सहलीची जागा वाटते. ती खाण आहे. भिंत डौलात उतरत येते आणि खाणीच्या कडेला कापल्यासारखी संपते. पुढचा डोंगरच नाही, तर भिंत कुठून असणार? ही खाण १९५२ पर्यंत चालू होती. पुढची वॉलटाउनची खाण १९७६ पर्यंत! म्हणजे आपल्या आईवडिलांच्या कॉलेजच्या दिवसांपर्यंत रोमन भिंतीच्या अंगाखालचा डोंगर खडीसाठी फुटत होता.

तेव्हा मंडळी, ‘त्यांच्या रक्तातच वारसा जपणं आहे’ हे कृपा करून विसरा. सामान्य इंग्रज शेतकरी, सामान्य इंग्रज सरकार आणि सामान्य इंग्रज खाणवाला हे आपल्या शेतकऱ्या-सरकार-खाणवाल्यासारखेच वागले. समोर फुकट दगड होता, तो त्यांनी घेतला.

मग वाचली कशी? भांडणांमुळे. नावं-गावं असलेल्या माणसांच्या चिवट, कंटाळवाण्या, खर्चिक भांडणांमुळे.

त्यातलं मोठं नाव जॉन क्लेटन. न्यूकॅसल शहराचे टाउन क्लार्क, पेशानं वकील. चेस्टर्सचा रोमन किल्ला त्यांच्या घराच्या आवारातच होता. १८३४ पासून त्यांनी भिंत ज्या जमिनींवर आहे त्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. एक शेत विक्रीला आलं की घे, दुसरं आलं की घे. आयुष्यभर हाच उद्योग. गडगडलेले दगड मजुरांकडून पुन्हा रचून घेतले. चुन्याशिवाय, नुसते एकावर एक, आणि वर गवताची ढेकळं. माझ्या त्या फोटोतली देखणी भिंत म्हणजे बहुतांशी ही क्लेटनच्या गवंड्यांची भिंत. दगड रोमन, रचना एकोणिसाव्या शतकातली. ‘१९०० वर्षांची’ हे माझं कॅप्शनच निम्मं चुकलेलं होतं.

आणि क्लेटन गेल्यावर? पुढच्या पिढीत कर्जापायी १९२९ मध्ये सगळी इस्टेट लिलावात निघाली. हेही तिकडेच घडलं, बरं का. त्या विक्रीतली व्हिंडोलांडाची जागा एरिक बर्ली या तरुण पुरातत्त्वज्ञानं घेतली. १९७३ मध्ये त्यांच्या मुलाला, रॉबिन बर्लींना, तिथल्या चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली रोमन पत्रं सापडली. वाढदिवसाचं आमंत्रण, घरून पाठवलेले मोजे आणि चड्ड्या, बिअर संपल्याची तक्रार. (थोडक्यात, ऑनसाइट गेलेल्या माणसांची पत्रं.) आजही ती जागा एक धर्मादाय ट्रस्ट सांभाळतो, आणि तिथे खोदकाम करायला लोक स्वतःचे पैसे भरून येतात.

१९३० च्या सुमारास भिंतीला खेटून आणखी मोठी खाण काढायचा घाट घातला गेला. महामंदीचे दिवस, खाण म्हणजे रोजगार. तरी बोंबाबोंब झाली, वर्तमानपत्रं आणि संसद गाजली, आणि १९३१ मध्ये नवा कायदा आला. वास्तूच्या आजूबाजूचा परिसरही राखता येईल असा. जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं १९८७ मध्ये. आणि ही सलग पायवाट खुली झाली २३ मे २००३ रोजी. त्याआधी कितीतरी वर्षं शेतकऱ्यांशी वाटेच्या हक्कावरून आणि पुरातत्त्ववाल्यांशी ‘एवढ्या पायांनी भिंतीचं काय होईल’ यावरून घासाघीस चालली होती.

आता तुम्ही म्हणाल, असेना का, शेवटी वाचवली ना त्यांनी? वाचवली की. माझा मुद्दाच तो आहे. वाचवली ती कायद्यानं, पैशानं, राखणदारांनी आणि हट्टी माणसांनी. या चारही गोष्टी मागता येतात, उभ्या करता येतात. ‘संस्कृती’ मागता येत नाही. आपण आयटीवाले तर हे रोज करतो. सर्व्हर पडला तर कुणी रूट कॉजमध्ये ‘आपली माणसंच तसली’ असं लिहीत नाही. लिहून बघा, मॅनेजर काय म्हणतो ते! जबाबदारी कुणाची होती, कुठला चेक नव्हता, अलार्म का वाजला नाही, हे विचारतो आपण. मग किल्ल्याचा बुरूज ढासळला की आपली अक्कल कुठे जाते? ‘आपले लोक असेच’ म्हटलं की ठेकेदार सुटला, खातं सुटलं, मतं मागणारा सुटला... आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे म्हणणारा सुटला.

या वाक्याचा एक जुळा भाऊही आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मलाही आनंद झाला. पण त्या दिवशी ज्या ग्रुपवर ‘जगात भारी’चा पाऊस पडला, तोच ग्रुप आदल्या वर्षी ‘आपले लोक असेच’ म्हणत होता. दोन्ही वाक्यांत करायचं काहीच नसतं, फक्त फॉरवर्ड करायचं.

आणि यादी म्हणजे कवच नव्हे. भिंतीलगतच्या एका खिंडीत सिकमोरचं एक झाड होतं, इंग्लंडमधल्या सर्वात प्रसिद्ध झाडांपैकी एक. जागतिक वारशाची जागा, वर राष्ट्रीय उद्यान, वर नॅशनल ट्रस्टची मालकी. सप्टेंबर २०२३ मधल्या एका रात्री दोघांनी येऊन ते करवतीनं कापलं. झाड भिंतीवर पडलं, भिंतीलाही इजा झाली. जुलै २०२५ मध्ये त्या दोघांना चार वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. मी गेलो तेव्हा तिथे कुंपण घातलेला बुंधा होता आणि लोक त्यापुढे गप्प उभे होते. मीही उभा राहिलो. आणि मग थोड्याच वेळात ‘बघा, कसं जपलंय त्यांनी’ लिहिलं. डोक्यात घट्ट बसलेलं वाक्य डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला कसं हरवतं बघा!

राहिला तो फोटो. तो काढून खाली उतरतोय तोवर मागून एक आजी आल्या. सत्तरीच्या असतील, हातात काठ्या, पाठीवर सॅक. अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, ‘वर चढू नका. यातला एक दगड निसटला की तो परत बसवायला माणूस लागतो.’ आणि चालू पडल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुन्याशिवाय रचलेली भिंत, त्यावर माझे सत्याहत्तर किलो. ग्रुपवरच्या तिघांनी न लिहिलेलं चौथं उत्तर मी होतो. ‘आपल्याकडे असती तर लोकांनी वर चढून फोटो काढले असते.’

नंतर कळलं, की या वाटेवर पासपोर्टसारखी एक पुस्तिका मिळते, तिच्यात सात ठिकाणी शिक्के मारायचे. शिक्क्यांचा काळ मे ते ऑक्टोबर एवढाच. कारण हिवाळ्यात जमीन भिजते, वाट बहुतेक गवताची, पायांनी चिखल होतो आणि खाली दडलेले रोमन अवशेष उघडे पडतात. लोकांनी ओल्या दिवसांत येऊ नये म्हणून केलेली साधी युक्ती. कुणाच्या संस्काराला आवाहन नाही, शिक्क्याचा मोह तेवढा नेमका वापरलाय. अशी युक्ती आपल्या पावसाळी रविवारी जत्रा भरणाऱ्या किल्ल्यांवर करता येणार नाही? येईल. पण ती कुणीतरी बसून ठरवावी लागेल, खात्याच्या मागे लागावं लागेल, आणि ते काम ग्रुपवर होत नाही.

परत आल्यावर आमच्याकडच्या एका दुर्गसंवर्धनाच्या गटाबरोबर जायला लागलो. टाक्यातला गाळ काढणं, ढासळलेले दगड वाटेतून बाजूला लावणं, असली कामं. तीन रविवार गेलो, चौथ्याला झोप काढली, पाचव्याला परत गेलो. फार काही शेखी मिरवण्यासारखं नाही. पण एवढं कळलं, की ‘आपले लोक’ म्हणून ज्यांना आपण शिव्या देतो, त्यातलेच काही पहाटे साडेपाचला घमेली-फावडी घेऊन पायथ्याशी हजर असतात, आणि त्यांना माणसं कमी पडतात.

तो फोटो मी ग्रुपवरून काढून टाकला. त्याजागी वरचं सगळं लिहिलं, घरं, रस्ता, खडी, क्रमानं. दोघांनी अंगठा दाखवला. एकानं विचारलं, ‘येत्या रविवारी कुठे भेटायचं?’