मेंदूच्या संसर्गात औषधांची कोंडी

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. या विषयावरील चर्चा बहुधा चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्यांभोवतीच फिरते. मेंदूच्या आवरणाचा जिवाणूजन्य दाह, म्हणजेच मेनिंजायटिस, विचारात घेतला तर मात्र प्रश्नाचे मूळ रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत शोधावे लागते.

रक्त आणि मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडसर विषारी द्रव्यांप्रमाणेच अनेक औषधेही रोखून धरतो. त्यामुळे फुप्फुसात पेनिसिलिनला शरण येणारा न्यूमोकोकस मेंदूभोवतीच्या द्रवात त्याला जुमानेलच असे नाही. अमेरिकेच्या प्रयोगशाळा मानकांनी २००८ पासून या जिवाणूसाठी दोन वेगळे निकष ठेवले आहेत. एक लिटरमागे २ मिलिग्रॅम पेनिसिलिनने रोखला जाणारा जिवाणू न्यूमोनियात ‘संवेदनशील’ ठरतो. मेनिंजायटिसमध्ये ही मर्यादा अवघी ०.०६ मिलिग्रॅम आहे. त्यामुळेच सेफ्ट्रिआक्सोनच्या जोडीला व्हँकोमायसिन देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. हा जिवाणू रोखणारी लस भारतात २०१७ मध्ये काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर सार्वत्रिक लसीकरणात आली, हा त्यातला मोठा दिलासा.

मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जडणाऱ्या संसर्गावर अशी लस नाही. तेथे गाठ पडते ती ॲसिनेटोबॅक्टरसारख्या जिवाणूंशी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या अहवालांनुसार त्याच्या दहापैकी आठांहून अधिक नमुन्यांवर मेरोपेनेम निष्प्रभ ठरते. मग उरते कोलिस्टिन. शिरेतून दिलेले कोलिस्टिन मेंदूभोवतीच्या द्रवात फारच थोडे उतरते, म्हणून ते बऱ्याचदा थेट मेंदूच्या पोकळीत सोडावे लागते. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत या औषधाचा वापर केंद्राने २०१९ मध्ये बंद केला, तो उगाच नव्हे.

निदानाची बाजूही लंगडीच आहे. उपचाराला उशीर जिवावर बेततो, त्यामुळे डॉक्टर थांबत नाहीत, आणि ते योग्यच. परंतु पहिल्या मात्रेनंतर काही तासांतच पाठीतून काढलेल्या पाण्यात जिवाणू वाढेनासा होतो. मात्रेपूर्वी रक्ताचा नमुनाही घेतलेला नसेल, तर शत्रूची ओळख पटत नाही आणि व्यापक मारा करणारी औषधे दहा-चौदा दिवस अंदाजानेच चालू राहतात. चोवीस तास चालणारी सूक्ष्मजीव प्रयोगशाळा किती जिल्हा रुग्णालयांत उभी राहते, यावरच आराखड्याचे यश मोजले पाहिजे.