हिशेबाची वही काय सांगते?

चार वर्षांपूर्वी वसमत तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासण्यासाठी माझ्याकडे आले होते. सोबत सूनबाई होत्या. निघताना त्या सहज म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मामांनी या महिन्यात विजेचे बिल दोनदा भरले आणि दूधवाल्याचे पैसे मात्र द्यायचे राहिले." गुरुजी हसले, मीही हसलो. "वयोमानाने असे व्हायचेच," असे म्हणून मी औषधाची चिठ्ठी लिहून दिली. चाळीस वर्षे पैशापैशाचा हिशेब वहीत मांडणारा हा माणूस आहे, हे मला ठाऊक होते. तरीही मी पुढे काही विचारले नाही.

दोन वर्षांनी गुरुजी आपल्याच गल्लीत वाट चुकले. नांदेडच्या मेंदुविकारतज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. हळदीच्या पैशांतून केलेली मुदत ठेव मोडून त्यांनी ती रक्कम जादा व्याजाच्या आशेने एका परिचिताच्या हवाली केल्याचे घरच्यांना त्यानंतर समजले. ती रक्कम परत आली नाही.

ही चूक माझी होती, आणि तिचे गांभीर्य मला अर्थशास्त्रातील संशोधनाने पटवून दिले. अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या 81 हजारांहून अधिक वृद्धांच्या वैद्यकीय नोंदी आणि कर्जफेडीच्या नोंदी एकत्र ठेवून केलेला अभ्यास 2020 मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांची देणी निदानाच्या सहा वर्षे आधीपासूनच थकू लागली होती. कमी शिक्षण असलेल्या वस्त्यांत तर हा बदल सात वर्षे आधी दिसला. संधिवात, काचबिंदू, हृदयविकाराचा झटका किंवा खुब्याचे हाड मोडणे अशा अन्य आजारांत मात्र असे आढळले नाही. म्हणजे हा केवळ आजारपणाचा किंवा वाढत्या वयाचा परिणाम नव्हता.

याचे कारण समजण्यासारखे आहे. पैशाच्या व्यवहारात स्मरण, आकडेमोड, तुलना आणि मोहावर ताबा या सर्व शक्ती एकाच वेळी लागतात. स्वयंपाक, पूजा, ओळखीच्या रस्त्याने बाजारात जाणे ही कामे सवयीने होत राहतात. व्यवहार मात्र आधी डळमळतो.

आणखी दोन अभ्यास मननीय आहेत. सुमित अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले की, कर्जाच्या व्यवहारांतील चुका साधारण 53 व्या वर्षी सर्वांत कमी असतात. पुढे त्या वाढू लागतात. (प्रस्तुत लेखकाने हा टप्पा ओलांडला आहे!) मायकेल फिंके आणि सहकाऱ्यांच्या 2017 मधील अभ्यासानुसार साठीनंतर आर्थिक आकलन दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटते, परंतु स्वतःच्या निर्णयावरील विश्वास घटत नाही. खरा धोका या दोहोंमधील अंतरात आहे.

हे अभ्यास अमेरिकेतील आहेत. आपल्याकडे बराच व्यवहार रोखीचा आणि घरही बहुधा एकत्र. म्हणून खुणा वेगळ्या दिसतील. एकच उसनवारी दोनदा फेडणे, पासबुक वारंवार हरवणे, हयातीचा दाखला द्यायचे विसरणे, सुटे पैसे मोजताना गोंधळणे, आजवर सावध असलेल्या माणसाने अनोळखी फोनवर विश्वास ठेवणे. एखादी चूक कोणाकडूनही होते. पूर्वीच्या स्वभावाशी विसंगत अशा चुका वारंवार होऊ लागल्या, तर मात्र डॉक्टरांना सांगावे. त्यामागे थायरॉइडचा दोष, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तातील सोडियम घटणे, नैराश्य, झोपेच्या गोळ्या किंवा मोतीबिंदू असू शकतो, आणि यांवर उपचार आहेत.

बुद्धी शाबूत असतानाच काही व्यवस्था करून ठेवावी. ठेवी, विमा आणि कागदपत्रांची एक यादी विश्वासू व्यक्तीला माहीत असावी. प्रत्येक खात्यावर वारसनोंद असावी. संयुक्त खाते उघडताना दुसरा खातेदारही पैसे काढू शकतो, हे ध्यानात ठेवून माणूस निवडावा. 'पुढे गरज पडली तर मुखत्यारपत्र आहेच' या भरवशावर राहू नये. ते देणाऱ्याचे मानसिक संतुलन ढळल्यास आपल्या कायद्यानुसार साधे मुखत्यारपत्र संपुष्टात येते. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असते. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना ते नसते. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकलेल्या मराठवाड्यातील कुटुंबांना हे फार उशिरा कळले. फोनवरून फसवणूक झाल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

घरातील तरुणांना एक विनंती. या लेखाचा आधार घेऊन आईवडिलांच्या हातातून पासबुक काढून घेऊ नका. मोठ्या रकमेचा व्यवहार दोघांनी मिळून करायचा आणि दोन दिवस थांबून करायचा, एवढा नियम पुरेसा असतो. ज्येष्ठांनीही तो स्वतःहून सुचवावा. त्यात कमीपणा नाही.

गुरुजी आजही रोज सायंकाळी वही उघडतात. नातू शेजारी बसतो, आकडा सांगतो आणि ते लिहितात. मीही आता साठीपुढील प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब पाहून झाल्यावर विचारतो, "घरचा हिशेब कोण पाहते? पूर्वीसारखा जमतो ना?" हा प्रश्न मी चार वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. आपल्या घरी तो आजच विचारावा.