कुरडई आणि कापसाची काडी

रक्ताच्या कर्करोगाने किंवा थॅलेसेमियाने ग्रासलेल्या माणसाला कित्येकदा दुसऱ्याच्या मूलपेशींचाच आधार उरतो. सख्ख्या भावंडाशी त्या पुरत्या जुळण्याची शक्यता चारांत एक. घरात कोणी जुळले नाही, की परक्यांत शोध सुरू होतो. चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून अशा दात्यांची यादी ठेवते. यादीत नाव घालण्यापुरते रक्तही द्यावे लागत नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ती टपालाने धाडली की झाले.

गेल्या वैशाखात माझ्या भाच्याने असे किट मागवले, तेव्हा वहिनींना काळजी पडली. “वन्सं, वर्ध्याच्या या पंचेचाळीस अंशांत पाकीट तापून सगळं नासणार नाही का? बर्फात घालून पाठवू या?”

वहिनींची शंका रास्त, पण उपाय उलटा! गालातून निघालेल्या पेशींतला डीएनए नीट वाळलेला असला, तर उकाड्याला सहसा दाद देत नाही. त्याचा खरा वैरी ओलावा. ओल राहिली की तोंडातलेच जंतू वाढतात, बुरशी धरते, आणि त्यांचे पाचक रस डीएनएचे तुकडे पाडतात. ओलसर कुरडई डब्यात भरली तर काय होते, हे आपणा गृहिणींना का सांगायला हवे? फरक एवढाच, की कुरडईला कडक ऊन हवे आणि काडीला सावली. उन्हातले अतिनील किरण डीएनएला बाधतात. म्हणून आपल्याकडे मे महिन्यापेक्षा जपायचे ते आषाढ-श्रावणात.

आधी अर्धा तास चहा, सुपारी, खर्रा काही नको. साध्या पाण्याने चूळ भरावी. टोकाला बोट न लावता सांगितला असेल तितका वेळ काडी गालावर घासावी. मग स्वच्छ जागी, टोक कशाला टेकू न देता, वाळू द्यावी आणि कागदी पाकिटातच घालावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. फ्रिजमध्ये ठेवू नये, बाहेर काढताच दव धरते. किटमध्ये औषधी द्रवाची नळी असेल, तर मात्र वाळवणे नाही. काडी त्यात टाकून झाकण घट्ट लावावे. घरातले दोघे-तिघे नमुने देणार असतील, तर एकाचे पाकीट नावासह बंद झाल्यावरच दुसऱ्याचे उघडावे. आणि पाकीट भर पावसात टपालपेटीत न टाकता पोस्टाच्या खिडकीवर द्यावे.

भाच्याने सारे असेच केले; पण सही करण्यापूर्वी मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती आपणालाही सांगते. बोलावणे कित्येक वर्षांनीही येऊ शकते. दात्याने होकार दिला, की पेशी चढवण्याआधी रोग्याला तीव्र औषधे देऊन त्याची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट करतात, आणि अशा वेळी दात्याने पाठ फिरवली तर त्याच्या जिवावर बेतते. तेव्हा घरच्यांशी बोलून, मन घट्ट करूनच काडी हाती घ्यावी. काडी तासाभरात वाळते. दिलेला शब्द मात्र वर्षानुवर्षे ताजा ठेवावा लागतो.