सर्वांचें काम, कारभार कोणाचा?

आज पुष्कळ विद्यार्थी संगणकावर पायथन नांवाची भाषा शिकतात. या भाषेची आज्ञावली मुक्त आहे. म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणींही वाचावा, त्यांत फेरफार करावा व दुसऱ्यास द्यावा, अशी सर्वांस मोकळीक आहे. देशोदेशींचे लोक, बहुतेक स्वयंस्फूर्तीनें, तींत सुधारणा करीत असतात. मग त्यांच्यांत मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा? चार माणसें एकत्र येऊन काम करूं लागलीं कीं हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून तो वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गीदो व्हान रोसम या डच गृहस्थांनीं पायथनची रचना इ. स. १९८९ च्या अखेरीस आरंभिली व १९९१ सालीं ती लोकांपुढें ठेविली. पुढें २०१८ पर्यंत वादाचा निवाडा तेच करीत. सहकारी त्यांस थट्टेनें 'दयाळू तहहयात हुकूमशहा' म्हणत. ही पद्धति वाईट होती, असें आम्ही म्हणत नाहीं. एकाच्या दृष्टीखालीं वाढलेलें काम सुसंगत होतें व निर्णयही लौकर लागतात. परंतु सर्व भार एकाच माणसाच्या धीरावर पडतो. २०१८ सालीं भाषेंत एक नवें चिन्ह घ्यावें कीं नाहीं, यावरून कडाक्याचा वाद झाला. निर्णय गीदो यांनीं दिला. पण त्या कटुतेनें ते थकले व जुलै महिन्यांत अधिकारावरून दूर झाले. वारस त्यांनीं नेमिला नाहीं. पुढील व्यवस्था सहकाऱ्यांवरच सोंपविली.

सहकाऱ्यांनीं सात योजना लेखी मांडल्या. एकींत पुन्हां एकच नेता होता, दुसरींत तिघांचें मंडळ, तर आणखी एकींत मध्यवर्ती सत्ताच नव्हती. डिसेंबरांत मतदान होऊन पांच जणांच्या मंडळाची योजना मान्य झाली. भाषेची प्रत्येक मोठी आवृत्ति निघाली कीं नवी निवडणूक व्हावी. एकाच धन्याच्या नोकरींतील दोहोंपेक्षां अधिक सभासद मंडळांत नसावेत. दोनतृतीयांश मतांनीं अविश्वास दाखविल्यास मंडळास दूर करतां यावें. आणि मंडळानें आपली सत्ता शक्य तितकी कमी वापरावी, असे नियम ठरले. २०१९ च्या पहिल्या मंडळांत गीदो हेही होते, परंतु पांचांपैकीं एक म्हणून.

पांच तोंडें झालीं कीं कामास खीळ बसते, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदींच निराधार नाहीं. तथापि मुक्त आज्ञावलीच्या कामांत कोणावर सक्ति चालत नाहीं. जो असंतुष्ट असेल तो मजकुराची प्रत घेऊन वेगळी चूल मांडूं शकतो. तेव्हां तेथील सत्ता लोकांच्या संमतीवरच उभी असते, आणि नियम लेखी व सर्वांस ठाऊक असले म्हणजे ती संमति टिकते. १९९३ सालीं निघालेल्या डेबियननें १९९८ मध्येंच आपली लेखी घटना केली. तिच्याप्रमाणें प्रमुख दरवर्षीं निवडला जातो.

विद्यार्थिमित्रहो, तुमचें क्रीडामंडळ असो कीं हस्तलिखित मासिक, पहिल्या उत्साहांत एखादा हुषार गडी सर्व कांहीं पाहतो व तें चालतेंही. परंतु तो शाळा सोडून गेल्यावर काय, हें तो असतांनाच ठरवा. निवड कशी व्हावी, मुदत किती, चुकल्यास जाब कोणी विचारावा, एवढें एका कागदावर उतरून काढा. भांडण जुंपल्यावर केलेला नियम कोणाच्या तरी विरुद्ध केल्यासारखा दिसतो. सलोख्यांत केलेला सर्वांचा असतो. पालकांसही आमची विनंती कीं, मुलांच्या मंडळांचा कारभार त्यांनीं आपल्या हातीं न घेतां तो मुलांसच करूं द्यावा.