विसरणाऱ्याचा दोष, की शेलचा?

ॲपलने २००१ च्या नोव्हेंबरमध्ये आयट्यून्स २.० आणलं आणि काही मॅकधारकांच्या अख्ख्या डिस्क पुसल्या गेल्या. गाणी वाजवणारा प्रोग्रॅम निर्दोष होता. जुनी आवृत्ती काढून टाकणारी शेलची एक छोटी स्क्रिप्ट इन्स्टॉलरमध्ये होती आणि तिच्यात डिस्कच्या पत्त्याभोवती अवतरणचिन्हं घालायची राहून गेली होती. शेल म्हणजे युनिक्स घराण्यातल्या संगणकांवर आपली कमांड वाचून ती पार पाडणारा प्रोग्रॅम. स्पेस दिसली की एक शब्द संपून दुसरा सुरू झाला, असं तो धरतो. समजा, एका डिस्कचं नाव ‘संगीत’ आणि दुसरीचं ‘संगीत जुने’. दुसरीवरचा एखादा फोल्डर काढण्याची कमांड अवतरणचिन्हांविना गेली, तर शेल आधी ‘संगीत’ हीच डिस्क साफ करायला घेतो.

अशा वेळी ठपका प्रोग्रॅमरवर येतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. स्टीव्हन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आला. आजचा बॅश हा शेल बहुतांशी त्याच नियमांवर चालतो. व्हेरिएबलमध्ये जपून ठेवलेला मजकूरही तो वापरताना पुन्हा स्पेसवर तोडतो आणि त्यात तारांकन असलं तर जुळणाऱ्या फाइलींची नावं भरतो. हे रोखायला दुहेरी अवतरणचिन्हं लागतात. त्यांच्या आतही डॉलरचं चिन्ह आणि बॅकटिक जागेच असतात. सगळ्यांनाच गप्प करतात ती एकेरी चिन्हं, पण त्यांच्या आत एकेरी चिन्ह लिहिण्याची सोय नाही. थोडक्यात, धोका फुकट मिळतो आणि सुरक्षितता दर वेळी आठवणीने मागून घ्यावी लागते. माझा आक्षेप या उलट्या व्यवस्थेला आहे. ती टाळता येत होती: टॉम डफ यांच्या आरसी या शेलने ही फेरतोड बंद केली, १९९० चा झी-शेलही व्हेरिएबल एकसंध ठेवतो, आणि २०१९ पासून मॅकवर आपोआप तोच मिळतो.

यावर जाणकारांचं ठरलेलं उत्तर असतं: नावात स्पेस देऊच नका. पण तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालेल, ही मुभा खुद्द युनिक्सनेच दिली आहे, आणि नाव देणाऱ्याने बहुधा टर्मिनल कधी उघडलेलंही नसतं. देवनागरीचा तर यात काडीचाही दोष नाही. यूटीएफ-८ मध्ये आपल्या अक्षराचे तीन बाइट होतात आणि त्यांतला एकही शेलच्या खास चिन्हांशी जुळत नाही. म्हणून ‘सातबारा’ सुखरूप जातो. ‘सातबारा उतारा’चे दोन तुकडे होतात.

मग नियमच बदलावा म्हटलं, तर जुन्या स्क्रिप्ट या तोडण्यावरच विसंबून आहेत, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्यांना हात लावू नये; नव्या स्क्रिप्टच्या डोक्यावर एका ओळीने नवा नियम स्वीकारता यावा, एवढं पुरे. तोवर शेलचेकसारखं तपासणीचं साधन चालवल्याशिवाय स्क्रिप्ट पुढे जाऊ देऊ नये. अवतरणचिन्हांनी सगळं भागत नाही, हेही कबूल. २०१५ मध्ये स्टीम या गेम पुरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टने लोकांच्या फाइली पुसल्याचं उघड झालं, तेव्हा अवतरणचिन्हं जागच्या जागी होती. व्हेरिएबल रिकामं निघालं होतं. व्हेरिएबल रिकामं असेल तर थांब, असं शेलला सांगता येतं. तेही लिहिणाऱ्यानेच आठवून सांगावं लागतं.